भिंगरावांचे डोळे आणि तीन दरपत्रकं

भिंगराव स्वतःच्या खुर्चीत बसून काम करत असताना त्यांच्या हातात नोटीस पडली, की आपण गेले अकरा दिवस विनापरवानगी गैरहजर आहात, तरी तात्काळ खुलासा करावा. नोटीस त्यांनी दोनदा वाचली. एकदा मजकुरासाठी आणि एकदा चुकांसाठी. दोन ठिकाणी तांबड्या शाईनं अनुस्वार दिले, जावक क्रमांक नसल्याबद्दल समासात शेरा मारला, आणि मग त्यांना राग आला. त्यांचा क्रम नेहमी असाच असे.

भिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते खरेदी विभागाचे मुख्य लेखनिक. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही फाइल त्रुटी निघाल्याशिवाय पुढे गेली नव्हती, म्हणून कार्यालयानं त्यांना हे नाव दिलं होतं. अर्थात पाठीमागे. पण कार्यालयात पाठीमागचं बोलणं समोर यायला वेळ लागत नाही, आणि ते समोर आलं तेव्हा भिंगराव मनातून खूश झाले. खुर्च्या घ्यायच्या असोत की पंखे, फाइल आली की ते चष्मा कपाळावर चढवत, कागद नाकापाशी नेत आणि ओळीओळीवरून असे सरकत, की समोरच्याला वाटावं हे अक्षरांचा वास घेतायत. कुठे तारीख राहिलेली असे, कुठे सही शिक्क्याबाहेर गेलेली असे. फाइल परत जाई. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत भिंगरावांनी पुढची त्रुटी शोधून ठेवलेली असे. आपल्यामुळे हे कार्यालय उभं आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

अशा माणसाला गैरहजर ठरवलं होतं दारातल्या यंत्रानं. सह्यांचं मस्टर बंद करून कार्यालयानं चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं होतं. नोंदणीचा फोटो बिनचष्म्याचाच हवा असा नियम होता, आणि नियम म्हटल्यावर भिंगरावांनी चष्मा काढला. झालं. यंत्राला ठाऊक होते ते बिनचष्म्याचे भिंगराव. चष्मा लावून उभं राहिलं की ते बाईच्या आवाजात, चांगलं खणखणीत म्हणे, ‘अनोळखी व्यक्ती.’ चष्मा काढला की भिंगरावांना यंत्रच दिसत नसे. साडेचारचा नंबर, वर तिरका नंबर वेगळा. मग ते अंदाजानं भिंतीवरच्या एखाद्या चौकोनासमोर हनुवटी उचलून उभे राहत. पहिले तीन दिवस ते आग विझवण्याच्या लाल पेटीसमोर उभे राहिले. एकदा तर ते बराच वेळ मोठ्या साहेबांच्या तोंडासमोर तसेच उभे होते. साहेबही बिचारे गोंधळून उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, “लागली का हजेरी?”

चष्म्यासकट नव्यानं नोंदणी करता आली असती, पण त्यासाठी एक छापील अर्ज लागे. अर्ज संपले होते. नवे छापायचा प्रस्ताव भिंगरावांच्याच टेबलावरून, समास अर्धं बोट कमी पडतो या कारणानं परत गेला होता. स्वतःच्या सोयीसाठी स्वतःची त्रुटी मागे घ्यायची, हे काही त्यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा शस्त्रक्रिया करून चष्माच घालवावा, असं त्यांनी ठरवलं.

“अहो, यंत्र बदलता येत नाही म्हणून डोळे बदलणार?” बायको म्हणाली. ती एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होती आणि नियमांशी तिची भिंगरावांइतकीच जुनी ओळख होती, फक्त प्रेम कमी होतं.

“डोळे माझ्या अखत्यारीत आहेत,” भिंगराव म्हणाले.

त्यांनी रीतसर फाइल उघडली. विषय, दृष्टिदोष निवारण. तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवावीत, तुलनात्मक तक्ता करावा आणि सर्वांत योग्य शस्त्रक्रिया निवडावी, अशी टिपणी लिहून त्यांनी ती बायकोपुढे मान्यतेसाठी ठेवली. बायकोनं ओट्यापाशी उभ्याउभ्या समासात लिहिलं, ‘चर्चा करावी.’ हा शेरा मारणाऱ्याला चर्चा नको असते, हे भिंगरावांना सव्वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. त्यांनी चर्चा झाली असं धरून पुढची कार्यवाही सुरू केली.

पण चर्चा शेजाऱ्यांनी केलीच. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे दोन्ही डोळ्यांवर त्यांचा अधिकार चालत असे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही. “लेसर अजिबात नको,” ते म्हणाले. “मला विचारा.” मास्तरांना लेसर झालेलंच नव्हतं, पण ते भिंगरावांच्या लक्षात येईपर्यंत मास्तरांनी त्यांना खिडकीपाशी नेऊन दोन्ही पापण्या वर करून पाहिल्या होत्या आणि “हं, उशीर केलात,” असं जाहीरही केलं होतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंचा अनुभव वेगळा. त्यांच्या भाच्यानं लेसर करून घेतलं होतं. “आता त्याला दिव्याभोवती वलयं दिसतात,” काकू म्हणाल्या. “पूर्वी बायकोभोवती दिसायची. ती तेवढी गेली.” भिंगरावांनी हे दोन्ही अभिप्राय फाइलीला लावून घेतले.

पहिल्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण आणि उत्साही होता. बुबुळावरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलायचा, खाली लेसर मारायचा आणि पापुद्रा परत ठेवून द्यायचा, असं त्यानं चित्र काढून सांगितलं.

“पापुद्रा परत ठेवल्याची नोंद कुठे होते?” भिंगरावांनी विचारलं.

“नोंद कशाला? तो चिकटतो आपोआप.”

भिंगरावांनी लिहून घेतलं, ‘नोंद नाही.’ दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पापुद्र्याचं नाव ऐकून खेदानं मान हलवली. त्यांच्याकडे पापुद्रा उचलायचाच नव्हता; बारीक छेद घेऊन बुबुळाच्या आतली पातळशी चकती ओढून काढायची होती. काढलेली चकती कोणाच्या ताब्यात राहते, हा भिंगरावांचा प्रश्न त्यांना तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. तिसऱ्या ठिकाणी तर काही काढण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे उलट डोळ्याच्या आतच एक भिंग बसवून मिळत होतं. “म्हणजे चष्मा आहेच, फक्त आत,” भिंगराव म्हणाले. डॉक्टर म्हणाले, तसं म्हणू नका. पण भिंगरावांनी तोवर तसं लिहून टाकलं होतं.

तिन्ही ठिकाणी त्यांनी शिक्क्यानिशी, बंद लिफाफ्यात दरपत्रक मागितलं. स्वागतकक्षातल्या मुलींनी त्यांना रंगीत माहितीपत्रकं दिली, ज्यांवर एक हसरी बाई डोंगराकडे बघत होती. तिन्ही माहितीपत्रकांवर तीच बाई होती. ही तिन्ही दरपत्रकं एकाच पुरवठादाराची असावीत, अशी शंका भिंगरावांना आली आणि त्यांनी ती तक्त्यात नोंदवली. तक्त्यातला शेवटचा रकाना होता, ‘अपयश आल्यास जबाबदारी.’ तिथे मात्र तिन्ही डॉक्टरांचं अगदी एकमत होतं. रुग्णाची.

खरी भानगड झाली ती पहिल्याच तपासणीच्या दिवशी. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या करून आत पाहिलं. “आज वाचायचं काम करू नका,” असं निघताना बजावलं. पण भिंगरावांनी रजा अर्ध्याच दिवसाची टाकली होती. दुपारी ते कार्यालयात आले तेव्हा टेबलावर चौदा फाइली होत्या. त्यांनी पहिली उघडली. कागदावर नुसता उजेड सांडला होता आणि अक्षरं त्यात कुठेतरी पोहत होती. डोळ्यांतून धारा लागल्या. समोर आवक-जावकच्या बाई उभ्या होत्या, शेजारच्या टेबलावरून दोघं बघत होते. ‘मला दिसत नाही’ असं भिंगानं सांगायचं कसं? त्यांनी कागद सवयीनं नाकापाशी नेला, दोनदा हुंकार दिला, एका जागी भुवई वर केली आणि सही ठोकली. मग दुसरी. मग तिसरी. चौदाच्या चौदा फाइली पुढे गेल्या.

बाईंनी गठ्ठा उचलला, पण त्या हलेनात. यात काहीतरी डाव आहे असं त्यांना वाटलं. “साहेब, त्रुटी?” त्यांनी चाचरत विचारलं.

“दिसली नाही,” भिंगराव म्हणाले. एवढं खरं बोलणं त्यांना त्या दिवशी सुचलं, हे विशेष.

तीन आठवड्यांनी, दुसऱ्या तपासणीच्या दुपारी अकरा फाइली सुटल्या. तिसऱ्या तपासणीची बातमी कार्यालयाला आधीच लागली होती. त्या दुपारी टेबलावर सोळा फाइली वाट पाहत होत्या, त्यांतल्या काही चक्क दुसऱ्या विभागांच्या. मोठ्या साहेबांनी भिंगरावांना बोलावून खुर्ची दिली. “डोळ्यांच्या बाबतीत घाई करू नका,” ते कळवळून म्हणाले. “तीनच डॉक्टर झाले? छे. आणखी चार-पाच जणांना दाखवा. रजेची काळजी करू नका.” सहकाऱ्यांनी दवाखान्यांचे पत्ते आणून दिले. कोणी काळा चष्मा भेट दिला. ज्या भांडारपालानं गेली नऊ वर्षं त्यांच्याकडे बघून मान वळवली होती, तोही येऊन म्हणाला, “साहेब, बाहुल्या नीट मोठ्या करून घेत जा. काही लोक अर्धवट करतात.”

भिंगरावांचा ऊर भरून आला. घरी चहा घेताना ते बायकोला म्हणाले, “ऑफिसात माझ्याविषयी एवढी आपुलकी असेल, याची मला कल्पना नव्हती.”

“कधीपासून आहे?”

“हे डोळ्यांचं सुरू झाल्यापासून.”

बायकोनं कप खाली ठेवला. तीही लिपिक होती. “थेंब घालून आलात की त्या दिवशी कामाचं काय करता?”

“करतो की. फाइली येतात, सही करतो.”

“वाचून?”

 भिंगरावांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, आणि बायकोला आपण विचारलं याचं वाईट वाटलं. आपल्या आंधळेपणावर अख्खं कार्यालय टपून बसलं होतं, आपल्याला लाडानं दवाखान्यात धाडलं जात होतं, हे त्यांना इतकं लागलं, की रागावणंही सुचेना. तो चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या एक्केचाळीस फाइली आवक-जावकमधून परत मागवल्या. कार्यालयाचं धाबं दणाणलं. भिंगराव चष्मा कपाळावर चढवून दोन दिवस जागचे हलले नाहीत. ते घोटाळा शोधत होते. मोठा, ढळढळीत, कार्यालय हादरवणारा घोटाळा, निदान एक तरी. माझी नजर चुकली आणि बघा काय झालं, असं सगळ्यांना सुनावता येईल असा. पंख्यांची फाइल निघाली. पंखे आले होते, फिरत होते, खरंतर त्यातल्याच एकाचा वारा त्यांना लागत होता. खुर्च्या आल्या होत्या आणि त्यांवर माणसं बसली होती. एका फाइलीत तारीख नव्हती, पण ज्या दिवशी माल यायचा त्या दिवशी तो आला होता. एकतिसावी फाइल हजेरीच्या यंत्राची होती. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींमुळे यंत्र काढून टाकावं आणि मस्टर पुन्हा सुरू करावं असा तो प्रस्ताव होता, खाली भिंगरावांची सही होती. म्हणजे चष्मा घालवायचं कारणही त्यांनी स्वतःच्या हातानं निकालात काढलं होतं.

एक्केचाळीस फाइली झाल्या. कुठेही काहीही बिघडलेलं नव्हतं. भिंगरावांना आयुष्यात एवढं अपमानित कधीच वाटलं नव्हतं.

ते असे बसलेले असतानाच सफाईची बाई टेबलापाशी आली. ती रोज त्यांच्या टेबलाखालून झाडू फिरवत असे, पण हातभर अंतरापलीकडचं जग कपाळावरच्या चष्म्यामुळे भिंगरावांना दिवसभर धुक्यातच असे, आणि झाडू फिरवणारी माणसं त्या हातभर अंतरात फार वेळ थांबत नाहीत. आज ती थांबली. तिच्या हातांत कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे होते.

“साहेब, हे आले,” ती म्हणाली. “चार वर्षं झाली मागून. तुम्ही मनावर घेतलंत, म्हणून झालं.”

तिनं एक हातमोजा काढून टेबलावर ठेवला, भिंगरावांनी माल तपासून घ्यावा म्हणून. त्यांनी मालाऐवजी हात पाहिला. फरशीच्या औषधानं बोटांची कातडी सोलली होती, नखांच्या कडेला जुन्या भेगा पडल्या होत्या. हातमोज्यांची फाइल त्यांना पाठ होती. सहा वेळा परत गेली होती ती. एकदा ‘जोडी’ आणि ‘नग’ यांतला फरक स्पष्ट केला नाही म्हणून.

“ठीक आहे, ठीक आहे,” भिंगराव म्हणाले. आपण ते मनावर घेतलं नव्हतं, नुसतं दिसत नव्हतं म्हणून सही केली, हे त्यांना सांगवेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी आभार मानले होते, तेही चुकीच्या माणसाचे. लाज वाटून त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

चौथ्या डॉक्टर बाई होत्या आणि त्यांच्याकडे माहितीपत्रक नव्हतं. बायको सोबत आली होती. डॉक्टरबाईंनी तासभर तपासलं, भिंगरावांचा तुलनात्मक तक्ता पूर्ण वाचला आणि बाजूला ठेवला.

“तुमचं बुबुळ पातळ आहे. पापुद्र्याची पद्धत तुम्हाला नकोच. वरूनच लेसर करता येईल. आठवडाभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरेल, पण होईल. पण आधी एक सांगा, काम काय करता?”

“वाचतो,” भिंगराव म्हणाले.

“आणि वाचताना चष्मा काढता. मग नीट ऐका. वय अठ्ठेचाळीस. दूरचा नंबर घालवला की जवळचं दिसायचं बंद होईल. वाचायला चष्मा लागणार, कुठलीही शस्त्रक्रिया करा. आज तुम्हाला जवळचं फुकट दिसतंय. तेव्हा ठरवा, जवळचं हवं की दूरचं. कारण तर तुमचं तुम्हीच निकाली काढलंय म्हणता. काहीच केलं नाहीत तरी माझी हरकत नाही.”

भिंगरावांनी सवयीनं संमतीपत्र हातात घेतलं. त्यात ‘सादर’ नव्हतं, ‘शिफारस’ नव्हती, मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याची जागा नव्हती. खाली एकच रेघ होती, रुग्णाची सही. त्यांनी पेन बायकोपुढे केलं.

“चर्चा झाली,” बायको म्हणाली. “आता तुम्ही.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं. जवळचं म्हणजे कागद. कागदावर त्यांचा जीव होता, तिथे ते कोणीतरी होते. कागद गेला की भिंग संपलं. मग मागे उरेल तो साधा, चाळिशीचा चष्मा खिशात ठेवणारा माणूस. याची त्यांना भीती वाटली, खरोखरीची. त्या भीतीतच त्यांनी सही केली.

“दूरचं,” ते म्हणाले.

पुढचा आठवडा चुरचुरण्यात गेला. बायको तासातासानं थेंब घाली. मास्तर रोज येऊन “मी म्हणालो होतो,” असं म्हणत, काय म्हणाले होते ते मात्र सांगत नसत. काकूंनी वलयांची चौकशी केली. हळूहळू धूसरपणा निवळला आणि महिन्याभरानं भिंगराव बिनचष्म्यानं कार्यालयात आले.

खुर्चीत बसून त्यांनी समोर पाहिलं, आणि बसल्या जागेवरून त्यांना पार टोकापर्यंतचं दालन दिसलं. सोळा टेबलं होती. सोळाही टेबलांवरून माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांची नजर जाताच झटकन माना खाली घालत होती. हे लोक आपल्याला एवढे भितात? किती वर्षं?

भांडारपाल फाइल घेऊन आला. भिंगरावांनी कागद नाकापाशी नेला. नुसती राखाडी रेघ. हातभर लांब धरला, तरी तेच. शर्टाच्या खिशात बायकोनं घेतलेला वाचायचा कोरा चष्मा होता. त्यांचा हात खिशाकडे गेला तसं दालनातलं टाइपिंग थांबलं. कोणीतरी खोकला दाबला. भांडारपालाच्या ओठावर घाम आला होता, आणि एवढ्या जवळचं स्पष्ट दिसत नसलं तरी ते त्यांना अंदाजानं कळत होतं.

“कशाची फाइल?”

“शिडीची, साहेब. जुनीच्या दोन पायऱ्या गेल्यात. माणूस दोनदा पडला. तुमच्याकडे तीन वेळा…” तो घुटमळला. “म्हणजे, आमच्याच चुका होत्या.”

“फार लागलं त्याला?”

असला प्रश्न फाइलीत कुठेच नव्हता. “दुसऱ्या वेळी लागलं, साहेब. हात मोडला.”

भिंगराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात खिशावरून काढला आणि पेन उचललं.

“त्रुटी मी उद्या काढीन,” ते म्हणाले. “आज सही कुठे करायची, तेवढं बोट ठेवून दाखवा.”